कुठं नाही... उगं!

आमच्या गेवराईत बाई घराबाहेर पडली, की कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत तिला तीनदा तरी विचारलं जातं, ‘कुठं निघाल्या?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. आपुलकीनंच विचारतात बिचारे. पण उत्तर मात्र तयार ठेवावं लागतं. दळण आणायला, दवाखान्यात, पोराच्या शाळेत, तलवाड्याच्या देवीला, हळदीकुंकवाला. काहीच नसेल तर हातात एक रिकामी पिशवी तरी पाहिजे. ‘कुठं नाही, उगं निघाले,’ असं उत्तर मी लहानपणापासून एकाही बाईच्या तोंडून ऐकलं नव्हतं. माझ्या आईच्या तोंडून तर नाहीच नाही.

आणि गंमत बघा, यात काही वेगळं आहे हे मला गेवराईत असताना कधी जाणवलंच नाही. ते जाणवलं थेट दक्षिण कोरियातल्या देजॉन नावाच्या शहरात आल्यावर.

देजॉन म्हणजे सेऊलच्या दक्षिणेला, वेगवान रेल्वेनं तासाभरावर असलेलं शहर. लोकसंख्या साधारण चौदा लाख. १९७० च्या दशकात सरकारनं इथं संशोधन संस्थांची मोठी वसाहत उभी करायला घेतली, १९९३ साली इथं जागतिक प्रदर्शन भरलं आणि आज हे शास्त्रज्ञांचं शहर म्हणून ओळखलं जातं. आपल्याकडची कितीतरी मुलं पीएच.डी. झाली की पुढच्या संशोधनासाठी कोरियाची वाट धरतात. आमचे हे त्यातलेच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही इथं उतरलो, तेव्हा कुणीतरी शहराच्या नावाचा अर्थ सांगितला, ‘मोठं शेत’. म्हटलं, चला! कापसाच्या शेतातून निघालो आणि मोठ्या शेतात येऊन पडलो.

गेवराईहून मैत्रिणींचा फोन आला की त्या विचारतात, ‘तिथं लई भारी असेल ना सगळं?’ त्यांना उंच इमारती, चकाचक दुकानं, टीव्ही मालिकांमधले देखणे नट यांच्याबद्दल ऐकायचं असतं. मला मात्र सांगायचं असतं भलतंच काहीतरी. अगदी चिल्लर सुखं. सांगायला गेलं तर समोरची म्हणेल, ‘एवढंच?’ तरी आज सांगतेच.

पहिलं सुख दुधाच्या पिशवीचं. नवीन आलो तेव्हाची गोष्ट. रात्रीचे साडेदहा वाजले होते, हे प्रयोगशाळेतून आले नव्हते आणि सकाळच्या चहाला दूध नव्हतं. दुकान चार मिनिटांवर. मी चप्पल घालून दारात दहा मिनिटं नुसती उभी होते. शेवटी हिय्या केला आणि निघाले. रस्त्यावर बघते तर काय, शिकवणीहून घरी निघालेल्या शाळकरी पोरी हसत खिदळत चालल्यात, एक आजीबाई कुत्र्याला फिरवतायत, नदीकाठाला एक बाई एकटीच व्यायाम करतेय. माझ्याकडं कुणी वळूनही पाहिलं नाही. दूध घेऊन आले. छातीतली धडधड घरी आल्यावर थांबली आणि मग एकटीच हसत बसले. दुसऱ्या दिवशी दूध होतं. तरी गेले!

तेव्हापासून गाप्चॉन नदीचा काठ माझा झाला. काठानं चालायची वाट, सायकलची वेगळी वाट, मध्येच पाण्यात टाकलेले मोठमोठे दगड. त्यांच्यावर पाय ठेवत पलीकडं जायचं. व्यायामाची साधी लोखंडी यंत्रं, कुणीही वापरावीत, पैसे नाहीत. पाण्यात एका पायावर ध्यान लावून उभे असलेले बगळे. यातलं काहीच थोर नाही. पण रोज संध्याकाळी तासभर मी कुणाची बायको, कुणाची सून, कुणाची आई नसते. नुसती चालणारी बाई असते.

दुसरं सुख मावशीचं. कोरियात खानावळीत वाढणाऱ्या बाईला गिऱ्हाईक ‘इमो’ म्हणून हाक मारतात. इमो म्हणजे आईची बहीण, मावशी! वयानं मोठ्या बाईला बायका ‘ऑन्नी’ म्हणतात, म्हणजे ताई. वडिलांना ‘अप्पा’ म्हणतात, आजीला ‘हाल्मोनी’. नात्याशिवाय नुसतं नाव घेऊन हाक मारणं इथंही उद्धटपणाचंच. भाषा येत नव्हती, पण हे कळल्यावर परकेपणा निम्मा गेला.

आमच्या इमारतीत खाली अंगणात एक छपराचा लाकडी कट्टा आहे. संध्याकाळी तिथं हाल्मोनींची बैठक असते. चप्पल काढून वर बसायचं, शेंगा सोलायच्या, सुनांबद्दल बोलायचं. (शब्द कळत नव्हते, पण विषय बरोबर कळायचा!) तिसऱ्या मजल्यावरच्या हाल्मोनीनं मला पहिल्याच दिवशी वय विचारलं. इथं ते विचारतातच, कारण मोठं कोण, लहान कोण हे ठरल्याशिवाय बोलायचं कसं हेच ठरत नाही. मग तिनं उकडलेलं रताळं हातावर ठेवलं. झाली ओळख.

नोव्हेंबरच्या शेवटी त्यांची किमची घालायची धांदल उडते. त्याला ‘गिमजांग’ म्हणतात. आपल्या उन्हाळ्यातल्या कुरडया-पापडांसारखंच सगळं. पाच-सहा बायका जमायच्या, ढीगभर चायनीज कोबी खारवायचा, पानापानाला लाल तिखटाचा मसाला चोळायचा, घरोघर वाटा करायच्या. २०१३ साली युनेस्कोनं या रीतीला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घातलं. आपल्या कुरडयांना कोण घालणार, देव जाणे! किमचीत खारवलेली कोळंबी नाहीतर माशाचा रस असतोच, आणि मी पडले शाकाहारी. तीन वर्षं मी नुसती कोबी धुवायला जात होते. चौथ्या वर्षी हाल्मोनीनं मसाला कालवण्याआधी एका पातेल्यात थोडा बाजूला काढला आणि दोन कोबी माझ्यापुढं सरकवले. ‘हे तुझे. यात मासा नाही.’ डोळ्यांत पाणी आलं. तिखटामुळं, असं सांगितलं.

हे सगळं मी एकटी चाखत होते, पण मनात एक बोच होती. आई तिकडं गेवराईत. वडील गेल्यावर एकटी. गुडघे दुखतात, टाचांना भेगा. तिच्या आयुष्यात कारणाशिवाय बाहेर पडून केलेली एक तरी गोष्ट आठवतेय का, म्हणून मी खूप शोधलं. सापडली नाही. कापूस वेचायला गेली, पाणी आणायला गेली, राक्षसभुवनला शनीच्या दर्शनाला गेली, बाळंतपणं करायला गेली. उगं कुठंच गेली नाही.

शेवटी २०२४ च्या एप्रिलमध्ये तिला तीन महिन्यांसाठी आणलं. बासष्टाव्या वर्षी पहिला विमानप्रवास. आल्यावर पहिल्यांदा तिला आवडली ती जमीन. इथल्या घरांत फरशीखालून ऊब खेळवतात, ‘ऑन्दोल’ म्हणतात त्याला. पूर्वी चुलीचा धूर जमिनीखालच्या वाटांनी नेऊन खोली तापवायचे, आता गरम पाण्याच्या नळ्या असतात. थंडी अजून सरली नव्हती. आई पलंग सोडून खाली गोधडी टाकून झोपली. म्हणाली, ‘बाई, माणसं शहाणी हायेत. चुलीचा जाळ वाया जाऊ देईनात.’

पण घराबाहेर मात्र निघेना. ‘चल, नदीवर जाऊ.’ ‘कामून?’ ‘कट्ट्यावर बस.’ ‘कामून? तिथं काय काम हाय?’ दहा दिवस हेच. तिला निमित्त लागत होतं आणि माझ्याकडं निमित्त नव्हतं. मग एक दिवस खोटं बोलले. म्हटलं, ‘गुडघ्याचं औषध आहे एका ठिकाणी, चल.’ लगेच पदर खोचून तयार!

देजॉनच्या युसॉन्ग भागात जुने गरम पाण्याचे झरे आहेत. मेट्रोच्या स्टेशनचं नावच ‘युसॉन्ग ऑनचॉन’, म्हणजे युसॉन्गचे गरम झरे. तिथं भर रस्त्याकडेला झाडांखाली शहरानं एक लांब, उथळ हौद बांधलाय, फक्त पाय बुडवून बसायला. पाणी साधारण चाळीस अंशांचं. तिकीट नाही, नाव लिहायचं नाही. नळावर पाय धुवायचे, काठावर बसायचं आणि पाय सोडायचे. बस्स. ऑफिसातून आलेला माणूस टाय सैल करून बसलेला असतो, शेजारी कॉलेजची पोरं, त्यांच्या शेजारी भाजीची पिशवी घेतलेली बाई.

आईनं आधी चौकशी केली. ‘किती घेतात?’ काही नाही. ‘मग देऊळ कुठंय?’ तिचंही बरोबरच होतं. आपल्याकडं वज्रेश्वरीला, उन्हवऱ्याला गरम पाण्याची कुंडं आहेत, पण तिथं देव आहे. इथं देव नाही, तिकीट नाही, मग हे पाणी ठेवलंय कशाला? आणि पुढचा प्रश्न तर मला अपेक्षितच होता. ‘एवढं पाणी... पाय धुवायला?’ जिनं २०१३ आणि २०१६ चे दुष्काळ काढलेत, टँकर आला की घागरी घेऊन धावलीय, भांडी विसळलेलं पाणी कढीपत्त्याला घातलंय, तिला ते पाहवेना. मी काही बोलले नाही. तिनं साडी गुडघ्याच्या खाली धरून हळूच पाय सोडले. भेगा पडलेल्या त्या टाचा पाण्याखाली गेल्या. तिनं डोळे मिटले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग डोळे न उघडताच म्हणाली, ‘औषध कुठंय गं?’

‘हेच.’

‘लबाड हायेस,’ म्हणाली. पण पाय काही बाहेर काढले नाहीत.

त्या झऱ्याची एक दंतकथा आहे. बेकजे नावाच्या जुन्या राज्यात एका आईचा मुलगा लढाईत फार जखमी होऊन घरी आला. औषध शोधत ती बर्फात हिंडत होती. तिला एक करकोचा दिसला. जमिनीतून वाफाळतं पाणी येत होतं आणि तो आपला दुखरा पंख त्यात बुडवत होता. तिनं ते पाणी घरी नेलं आणि मुलगा बरा झाला. मी ही गोष्ट आईला सांगितली. ती ऐकून घेऊन म्हणाली, ‘पोरगं बरं झालं. पण त्या मायनं कधी पाय घातले का पाण्यात?’

याला काय उत्तर देणार!

मे महिना लागला होता. त्या रस्त्यावर दुतर्फा ‘इपाप’ची झाडं आहेत, आणि ती पांढऱ्या फुलांनी अशी लगडली होती की फांदी दिसत नव्हती. नावाचा अर्थच मुळी ‘पांढऱ्या तांदळाचा भात’. ज्यांच्या ताटात सणालाच पांढरा भात पडायचा, अशा भुकेल्या माणसांना झाडावर वाफाळलेल्या भाताचा ढीग दिसला असणार! हे मात्र आईला समजवावं लागलं नाही. ती वर बघून म्हणाली, ‘भूक लई दिवस ध्यानात राहती बाई.’

त्यानंतर तीच मला विचारायला लागली, ‘आज जायचं ना पाय बुडवायला?’

युसॉन्गचा बाजारही आमच्या वाटेवरच. १९१६ पासून भरतोय आणि दर पाच दिवसांनी भरतो. तारखेच्या शेवटी चार किंवा नऊ आला, की बाजार. आई तिथं रमली. तसेच जमिनीवर मांडलेले वाटे, तशाच म्हाताऱ्या, तशीच घासाघीस. एका कोपऱ्यात लाह्या फोडणारा होता. त्यानं ‘प्पॉन्ग इयो!’ अशी आरोळी ठोकली आणि धाडकन बार! आई अशी दचकली, म्हणाली, ‘दिवाळी हाय का इथं?’ पुढं धान्याची पोती होती. त्यात आईनं मूठ घातली आणि ओरडली, ‘अगं, ही तर ज्वारी!’ खरंच ज्वारी होती, तांबूस रंगाची. इथं ती भातात घालून शिजवतात. नव्या वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला पाच धान्यांचा भात करतात, त्यात राळे आणि ज्वारी असते. ‘काय म्हणतात हिला?’ मी सांगितलं, ‘सुसू.’ आई भर बाजारात तोंडाला पदर लावून हसत सुटली.

दोन किलो ‘सुसू’ घेतली. बाजारात तिळाचं तेल काढणारी, मिरची दळणारी गिरणी असते, तिथं दळून आणली. आईनं परात घेतली, बाह्या सरसावल्या. आणि काय सांगू, पीठ हाताला असं चिकटलं की भाकरी थापताच येईना! इथली ही ज्वारी चिकट जातीची, भातात मऊ लागावी म्हणून पिकवलेली. भाकरीचा लगदा झाला. मग आईनं त्यात कांदा, तिखट, मीठ घालून धिरडी घातली. ताटलीभर खाली कट्ट्यावर नेली. हाल्मोनीनं चाखली, अंगठा वर केला आणि दुसऱ्या दिवशी तीच ताटली भरून तिची ज्वारीची गोड पुरी आली, आत लाल चवळीसारख्या डाळीचं पुरण भरलेली. आई म्हणाली, ‘पुरण हाय की गं हे!’

मग आईला कट्ट्यावर जायला माझी गरज उरली नाही. हाल्मोनी अठ्ठ्याहत्तरची, आई बासष्टची. वय बोटांवर मोजून झालं आणि हाल्मोनी मोठी बहीण ठरली. आई तिला ‘आक्का’ म्हणायची. एक कोरियन बोलायची, एक गेवराईचं मराठी. विषय गुडघे. दोघींना सगळं कळायचं.

‘सुसू’वरून आम्ही हसलो खरं, पण तिसरं सुख अगदी तेच आहे आणि ते सगळ्यात मोठं आहे. प्रवासाला निघायचं म्हटलं की आई आदल्या रात्रीपासून पाणी कमी पिते. तुम्हीही पीत असाल. का, ते आपल्या बायकांना सांगायला नको. इथं पहिल्या आठवड्यात तिनं तेच केलं. मग तिच्या लक्षात आलं, की प्रत्येक मेट्रो स्टेशनात, बागेत, नदीकाठी स्वच्छ स्वच्छतागृह आहे, कागद आहे, पाणी आहे आणि पैसे नाहीत. हे काही इथं आभाळातून पडलेलं नाही. हाल्मोनीच्या तरुणपणी इथंही अंगणातले खड्ड्याचे संडास होते. सुवॉन शहरात सिम जे-दक नावाचे महापौर होऊन गेले, १९९५ ते २००२. त्यांनी सार्वजनिक शौचालयं चांगली करायचा ध्यासच घेतला. लोक त्यांना ‘मिस्टर टॉयलेट’ म्हणायचे. २००७ साली त्यांनी स्वतःचं घरच कमोडच्या आकाराचं बांधलं! आता तिथं संग्रहालय आहे. २००४ साली देशाचा कायदा झाला. त्यात पुरुषांकडच्या संडास आणि मुताऱ्या यांच्या बेरजेपेक्षा बायकांकडची संख्या कमी असता कामा नये, असं लिहिलंय. मुंबईत २०११ पासून बायकांनी ‘राइट टू पी’ची मोहीम चालवली ती याच हक्कासाठी. आईला यातलं काही माहीत नाही. तिनं एवढंच केलं. महिन्याभरानं बाहेर निघताना ती स्वतःहून तांब्याभर पाणी प्यायली. मी बघत राहिले.

म्हणून कुणी असं समजू नका की इथं बाईचा स्वर्ग आहे. पुरुषांच्या आणि बायकांच्या पगारातली तफावत इथं जवळपास तीस टक्के, श्रीमंत देशांत सगळ्यात जास्त. स्वच्छतागृहांत लपवलेल्या कॅमेऱ्यांविरुद्ध २०१८ साली सेऊलच्या रस्त्यावर हजारो तरुणी उतरल्या होत्या. लग्न, मूल नकोच म्हणणाऱ्या मुली एवढ्या, की २०२३ साली जननदर ०.७२ वर आला. आणि नदीवर जाताना रोज एक वाकलेली आजी दिसते, पुठ्ठ्यांचा गाडा ओढणारी. रद्दी विकून पोट भरणाऱ्या अशा म्हाताऱ्या इथं कितीतरी आहेत. आई पहिल्यांदा तिला पाहून थबकली. म्हणाली, ‘हिला कुणी न्हाई का गं पाय बुडवायला नेणारं?’

तेव्हापासून मी विचार करते, मला इथं नेमकं काय आवडतं? पैशानं मिळणारं सुख तर मुंबई-पुण्यातही मिळतं. हे सुख वेगळं आहे. ते रस्त्यावर ठेवलेलं आहे, सगळ्यांसाठी. वाट, कट्टा, हौद, दिवा, स्वच्छतागृह. ते घ्यायला नवऱ्याला विचारावं लागत नाही, सासूला सांगावं लागत नाही, पर्समध्ये पैसे लागत नाहीत. बाईच्या वाट्याला सुख येतं ते बहुतेक असंच येतं, जिथं कारण विचारत नाहीत तिथं.

जुलैमध्ये आई परत गेली. जाताना हाल्मोनीनं तिला तिळाच्या तेलाची बाटली दिली. आईनं आपली हातानं शिवलेली वाकळ तिला दिली. दोघी रडल्या, दोन भाषांत.

मला वाटलं होतं, आई तिकडं गेली की संपलं सगळं. गेवराईत कुठला आलाय हौद! पण परवा फोन केला तर उचलायला वेळ लागला. विचारलं, ‘कुठं होतीस?’ म्हणाली, ‘पाय बुडवून बसले होते.’ घमेल्यात कोमट पाणी, मूठभर मीठ. आणि नंतर ते पाणी? ‘मोरीतच जाऊ देते. मीठ पडल्यावर झाडाला चालत न्हाई.’ मग हळूच म्हणाली, ‘आम्ही चौघीजणी जेवणं झाल्यावर शाळेच्या मैदानापर्यंत जातो आता. गल्लीतल्या त्या तिघी. आधी न्हाई म्हणत होत्या. म्हटलं, चला तर खरं.’

‘कुणी विचारत नाही?’ मी विचारलं.

‘विचारतात की. काल ओट्यावरून विचारलंच, रात्रीच्या कुठं निघाल्या चौघी?’

‘मग काय सांगितलंस?’

आई हसली. म्हणाली, ‘सांगितलं, कुठं न्हाई. उगं.’